गोव्यातील टाइमशेअर सुट्टी : सौद्याआधीचा हिशेब

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या घरी एक नवे निमंत्रण येऊ लागले आहे. फोन येतो, अभिनंदन केले जाते आणि पती-पत्नी दोघांनी अमुक हॉटेलात जेवणासाठी यावे, भेटवस्तू घेऊन जावी, असा आग्रह होतो. जेवणाआधी दीड-दोन तास गोव्याच्या समुद्राची चित्रे दाखविली जातात. शेवटी कागद पुढे येतो व ‘हा भाव फक्त आजच्यापुरता आहे’ असे सांगितले जाते. जो माणूस सुताच्या एका गाठीसाठी चार ठिकाणी भाव विचारतो, तोच येथे तासाभरात चार-पाच लाखांचा सौदा करून उठतो.

हा सौदा वाईटच असतो असे नाही. काही कुटुंबांना तो चांगला लाभतो. परंतु तो कोणाला लाभतो व कोणाला नाही, हे चित्रे पाहून कळत नाही, हिशेब मांडून कळते. गोवा हे आपल्या ओळखीचे समुद्रकाठचे ठिकाण असल्याने तेथील रिसॉर्टांच्या आधारे हा हिशेब येथे मांडत आहे.

टाइमशेअर म्हणजे नेमके काय?

टाइमशेअर म्हणजे वेळेतील वाटा. एका खोलीचे वर्षाचे बावन्न आठवडे वेगवेगळ्या लोकांना विकावयाचे, ही मूळ कल्पना. ती युरोपात १९६० च्या दशकात पुढे आली. स्वित्झर्लंडची हापिमाग ही कंपनी १९६३ ची. १९७४ मध्ये अमेरिकेत आरसीआय ही संस्था निघाली आणि एका रिसॉर्टमधील आपला आठवडा देऊन दुसऱ्या ठिकाणचा आठवडा घेण्याची सोय झाली. आपल्या देशात चेन्नईच्या स्टर्लिंग कंपनीने १९८६ मध्ये हा व्यवसाय सुरू केला. २०१४ मध्ये ती थॉमस कुक इंडियाकडे गेली. महिंद्र समूहाची क्लब महिंद्र १९९६ मध्ये आली. गोव्यात १९९३ पासून कर्मा समूहाने पाय रोवले.

यात तीन प्रकार आढळतात. पहिला ठरलेल्या आठवड्याचा : अमुक रिसॉर्ट, अमुक आठवडा, दरवर्षी तोच. दुसरा हंगामाचा : वर्षाचे रंगांनुसार भाग पाडलेले असतात, आपण घेतलेल्या रंगाच्या काळात जागा असेल तो आठवडा मिळतो. तिसरा गुणांचा : दरवर्षी ठरावीक गुण खात्यात जमा होतात आणि जागा व हंगाम पाहून ते खर्च करावयाचे.

एक गोष्ट प्रथमच पक्की समजून घ्यावी. आजकाल जे विकले जाते ते बहुधा सभासदत्व असते, मालमत्ता नव्हे. सात-बारावर नाव लागत नाही, गाळ्यासारखी खरेदीखताची नोंदणी होत नाही. मुदत २५ वर्षांची असेल तर २५ वर्षांनी हक्क संपतो. म्हणजे आपण घर घेत नसून पुढील २५ वर्षांच्या रात्री आगाऊ रोख देऊन घाऊक भावाने घेत आहोत. घाऊक माल स्वस्त पडतो हे खरे, पण तो खपला तरच. गोदामात पडून राहिलेले थान कोणत्याही भावात महागच.

किनारा कोणता, हे पाहावे

‘गोव्यात’ हा शब्द फार मोठा आहे. क्लब महिंद्रचीच उदाहरणे घ्या. वार्का येथील मुख्य रिसॉर्ट किनाऱ्यावर आहे. एमराल्ड पाम्स हेही वार्कात असले तरी ते किनाऱ्याला लागून नाही. अकेशिया पाम्स कोलव्याला, म्हणजे वर्दळीच्या किनाऱ्याजवळ आहे. अस्नोड्याचे रिसॉर्ट तर बार्देशच्या आतल्या भागात, हिरवाईत आहे. तेथून समुद्र पाहावयाचा तर गाडी काढावी लागते. कर्मा समूहाच्या रिसॉर्टांपैकी रॉयल पाम्स बाणावलीला, हाथी महल कावेलोसिमला साळ नदीच्या परिसरात, तर मॉन्टेरिओ उत्तरेस कांदोळीला आहे.

दक्षिण गोव्यातील वार्का, बाणावली, कोलवा, कावेलोसिम हा पट्टा सासष्टी तालुक्यात येतो. वार्का व बाणावली येथील किनारे तुलनेने शांत आहेत. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाल्यापासून मुंबई-ठाण्याहून मडगावला रात्रीच्या गाडीने उतरणे सोपे झाले आहे व मडगावहून वार्का दहा-बारा किलोमीटर आहे. उत्तरेकडील कांदोळी, कळंगुट, बागा हा भाग गजबजलेला असून तेथे रात्री उशिरापर्यंत बाजार व करमणूक चालते. लहान मुले व वृद्ध आई-वडील यांना घेऊन जाणाऱ्याने दक्षिणेचा विचार करावा. ज्याला बाजारात हिंडावयाचे आहे त्याने उत्तरेचा. विमानाने जाणाऱ्याने हेही पाहावे की दाबोळी दक्षिणेच्या पट्ट्याला जवळ आहे, तर २०२३ च्या जानेवारीत सुरू झालेला मोपा विमानतळ उत्तर टोकाला पेडणे तालुक्यात आहे. तेथून वार्क्याला येणे म्हणजे जवळजवळ पूर्ण गोवा ओलांडणे होय. त्या टॅक्सीचे भाडे सुट्टीच्या खर्चातच धरावे.

‘समुद्रकाठी’ या शब्दाचा अर्थही विचारावा. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने अशा किनारपट्टीवर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात नव्या बांधकामाला मनाई केली. त्यामुळे अनेक रिसॉर्टे मुळातच थोडी आत आहेत. खोलीपासून वाळूपर्यंत पायी किती मिनिटे लागतात, मध्ये मोठा रस्ता आहे काय, हे लेखी विचारावे. आणखी महत्त्वाचे म्हणजे, कंपनीची साखळी मोठी असली तरी आपल्याला पाहिजे त्याच रिसॉर्टमध्ये जागा मिळेल याची हमी सभासदत्वात असतेच असे नाही. किनाऱ्यावरच्या खोल्या मोजक्या व मागणारे पुष्कळ. चित्र वार्क्याचे पाहून पैसे भरावेत आणि सुट्टीत जागा अस्नोड्याला मिळावी, असे होऊ शकते.

हंगामाचा रंग आणि आपले कॅलेंडर

क्लब महिंद्रच्या योजनेत जांभळा, लाल, पांढरा व निळा असे हंगाम आहेत. जांभळा सर्वांत महाग, निळा सर्वांत स्वस्त. वरचा रंग घेणारा खालच्या हंगामात जाऊ शकतो, खालचा घेणारा वर जाऊ शकत नाही. इतर कंपन्यांची नावे वेगळी असली तरी तत्त्व तेच.

गोव्याचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नाताळ ते नववर्ष हा त्याचा कळस. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, पोहणे धोक्याचे असते व किनाऱ्यावरील झोपडीवजा उपाहारगृहे बंद असतात. स्वस्त रंग मिळतो तो बहुधा याच किंवा अशाच मंदीच्या दिवसांचा. पावसाळी गोवा ज्यांना आवडतो त्यांनी तो जरूर घ्यावा, पण मुलांना समुद्रात न्यावयाचे म्हणून घेतला तर पस्तावा होईल.

आपल्या वाचकांपैकी अनेकांसाठी यात आणखी एक पेच आहे व तो विक्रेता कधी सांगणार नाही. कापडवाल्याची, शिंप्याची, जरीकाम करणाऱ्याची, चप्पल-बूट विकणाऱ्याची सुट्टी केव्हा होते? रमजानचा बाजार आटोपल्यावर, ईदनंतरच्या आठवड्यात. दिवाळी व लग्नसराईच्या आधी दुकान सोडता येत नाही. आता ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकते. म्हणजे २५ वर्षांच्या करारात ती जवळजवळ नऊ महिने मागे जाते. २०२५ मध्ये ईदुल फित्र ३१ मार्चला होती. २०३३ च्या सुमारास ती डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे गोव्याच्या सर्वांत महाग दिवसांत येईल. त्यानंतर ती मागे मागे जात पावसाळ्यात पोचेल.

याचा अर्थ असा की ईदनंतर फिरावयास जाणाऱ्या कुटुंबाने ठरलेल्या आठवड्याचा करार घेऊच नये. हंगामाचा करार घेताना आजच्या ईदचा रंग पाहून चालणार नाही. आज मार्च-एप्रिलसाठी मधला रंग पुरेल, पण आठ वर्षांनी त्याच रंगावर ईदनंतरचा आठवडा मिळणार नाही. त्या दृष्टीने गुणांचा प्रकार काहीसा लवचीक आहे. मात्र महाग दिवसांत गुणही जास्त कापले जातात व सात दिवसांऐवजी चारच दिवस पदरी पडतात, हे ध्यानात ठेवावे. ज्यांची सुट्टी मुलांच्या शाळेवर अवलंबून आहे त्यांचे दिवस मे महिना व दिवाळी हेच असतात, आणि त्याच दिवसांना सर्व सभासद जागा मागतात. म्हणून नोंदणी किती महिने आधी उघडते, रद्द केल्यास किती दिवस कापले जातात, न वापरलेले दिवस पुढील वर्षी नेता येतात काय व किती, हे प्रश्न किमतीच्याही आधी विचारावेत.

एका रात्रीचा भाव काढा

आता आकड्यांकडे वळू. पुढील आकडे कोणा एका कंपनीचे नाहीत, हिशेबाची रीत समजावी म्हणून घेतले आहेत. समजा, सभासदत्व ५ लाख रुपयांचे, मुदत २५ वर्षे, दरवर्षी ७ रात्री. एकूण रात्री १७५. विक्रेता भागाकार करून सांगतो : एका रात्रीला फक्त २,८५७ रुपये!

हा भागाकार अर्धाच आहे. दरवर्षी देखभालीसाठी वार्षिक वर्गणी द्यावी लागते. ती पहिल्या वर्षी २०,००० रुपये आहे व दरवर्षी सहा टक्के वाढते असे धरू. अनेक करारांत ही वाढ महागाईशी जोडलेली असते. २५ वर्षांत ही वर्गणी सुमारे १० लाख ९७ हजार होते, म्हणजे मूळ किमतीच्या दुपटीहून अधिक. एकूण खर्च १५ लाख ९७ हजार. रात्रीचा भाव झाला सुमारे ९,१२७ रुपये. पंचविसाव्या वर्षी केवळ वर्गणीच सुमारे ८१,००० रुपये, म्हणजे एका रात्रीला साडेअकरा हजार. प्रवास, जेवण व जीएसटी यात धरलेला नाही.

पुढे पाहा. घरात लग्न निघाले, आजारपण आले, धंद्यात मंदी आली, अशा कारणांनी २५ पैकी १० वर्षे जाणे झाले नाही व ते दिवस बुडाले, तर वापरलेल्या रात्री १०५ राहतात आणि भाव होतो १५,२०० च्या वर. वर्गणी मात्र न गेलेल्या वर्षीही द्यावीच लागते. ती थकली तर खोली मिळत नाही आणि थकबाकी वाढत जाते.

व्यापाऱ्याने आणखी एक रकाना मांडला पाहिजे. आपले भांडवल बँकेत पडून नसते, ते मालात फिरते. तेच ५ लाख मालात राहिले व वर्षाला दहा टक्के नफा सुटला, तर ५०,००० रुपये झाले. त्यात वाचलेली २०,००० ची वर्गणी मिळवा. ७०,००० रुपयांत सात रात्री म्हणजे रात्रीला १०,००० रुपये, आणि मुद्दल शाबूत. आता आपण ज्या आठवड्यात जाणार, त्याच आठवड्याचा, तेवढ्याच मोठ्या जागेचा गोव्यातील भाव काढा. तो १०,००० च्या आत मिळत असेल तर सभासदत्व घेण्यात अर्थ नाही. नाताळात दोन शयनगृहांची जागा घ्यावयाची असेल व तिचा भाव याहून पुष्कळ जास्त असेल, तर सौदा विचार करण्याजोगा आहे. हॉटेलांचे भावही २५ वर्षांत वाढणार हे खरे आहे, पण धंदाही वाढणार, हे दुसऱ्या पारड्यात टाकावे.

हप्त्यांबाबतही सावध असावे. लांब मुदतीच्या हप्त्यांत व्याज असते, कधी उघड तर कधी किमतीत मिसळलेले. ज्यांना व्याजापासून दूर राहावयाचे आहे त्यांनी रोखीची किंमत व हप्त्यांची एकूण किंमत शेजारी-शेजारी लिहून मागावी. फरक दिसला की उत्तर मिळाले.

जागा, स्वयंपाकघर व माणसे

आपली कुटुंबे मोठी. नवरा-बायको, तीन-चार मुले, सोबत आई-वडील. एका खोलीच्या जागेत हे मावत नाही व जादा माणसाचे पैसे वेगळे पडतात. म्हणून किमतीची तुलना करताना एका कंपनीची एक खोली व दुसरीची दोन शयनगृहे यांची गल्लत करू नये. पन्हा वेगळा असेल तर मीटरच्या भावाची तुलना होत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको.

टाइमशेअर जागांचा एक खरा फायदा असा की त्यांपैकी अनेकांत छोटे स्वयंपाकघर असते. ज्यांना हलाल जेवणाची खात्री हवी असते त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. परंतु सर्व खोल्यांत ते नसते. कोठे फक्त चहाची किटली असते, कोठे मांस शिजविण्यास किंवा बाहेरचे अन्न आणण्यास मनाई असते. हे आधीच विचारावे. आठवडाभर तिन्ही वेळा रिसॉर्टच्या उपाहारगृहात जेवण्याचा खर्च कधीकधी खोलीपेक्षा जड होतो.

अदलाबदलीचे गाजर

‘गोव्याचा आठवडा द्या, जगात कोठेही जा,’ असे सांगितले जाते. आरसीआयसारख्या संस्थांकडे हजारो रिसॉर्टे आहेत, हे खरे आहे. पण त्यासाठी संस्थेचे सभासदत्व वेगळे, प्रत्येक अदलाबदलीचे शुल्क वेगळे आणि मिळणारी जागा आपण दिलेल्या आठवड्याच्या मागणीवर अवलंबून असते. पावसाळ्यातील गोवा देऊन सुट्टीतील दुबई मिळेल अशी आशा धरू नये. कोऱ्या कापडाच्या बदल्यात पैठणी कोणी देत नाही.

सुट्टी की ठेव?

आता सर्वांत गंभीर बाब. टाइमशेअरच्या नावाखाली पैसे दुप्पट करण्याच्या योजना आपल्या महाराष्ट्रात चालल्या आहेत. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने लोकांना खोल्यांच्या रात्री विकल्या व त्या वापरल्या नाहीत तर मुदतीअंती वाढीव रक्कम परत मिळेल अशी योजना चालविली. सुमारे ५१ लाख लोकांकडून ७,०३५ कोटी रुपये गोळा झाले. सेबीने ही नोंदणीशिवाय चालविलेली सामूहिक गुंतवणूक योजना ठरवून २९ फेब्रुवारी २०१६ रोजी पैसे परत करण्याचा आदेश दिला. तरीही लाखो लोक वर्षानुवर्षे पैशांची वाट पाहत राहिले. त्यांत गावोगावचे लहान दुकानदार, नोकरदार व एजंट म्हणून आपल्याच नातलगांचे पैसे भरणारे होते.

यातून खूण लक्षात ठेवावी. खरा टाइमशेअर विकणारा खोली देतो, पैसे परत देत नाही. जो म्हणतो ‘गेलात तर सुट्टी, नाही गेलात तर नफ्यासह मुद्दल,’ तो सुट्टी विकत नसून ठेव घेत आहे. अशा माणसाकडे सेबीची नोंदणी मागावी व नसेल तर तेथून उठावे.

त्याचप्रमाणे ‘नंतर विकून टाका’ हे आश्वासन मानू नये. जुन्या सभासदत्वाला बाजारात भाव फार थोडा येतो, कारण कंपनी स्वतःच रोज नवे विकत असते. नावबदलाचे शुल्कही असते. ‘तुमचे सभासदत्व विकून देतो, आधी इतकी फी भरा,’ असे फोन करणाऱ्यांपासून तर कोसभर दूर राहावे.

सही करण्यापूर्वी

युरोपात १९९४ च्या निर्देशाने टाइमशेअर घेणाऱ्याला किमान १० दिवसांत सौदा मोडण्याचा हक्क दिला व २००८ च्या निर्देशाने ही मुदत १४ दिवस केली. त्या मुदतीत आगाऊ रक्कम घेण्यासही तेथे बंदी आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून सौदा किती दिवसांत मोडता येतो व पैसे किती दिवसांत परत मिळतात, हे कलम करारातच असावे. नसेल तर सही करू नये.

व्यापारी बंधूंनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. निमंत्रणाच्या दिवशी एक पैसाही देऊ नये. कोरा करारनामा घरी आणावा. तो वाचता येत नसेल तर वकिलाकडून किंवा शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावा. देण्यास नकार मिळाला तर तेच उत्तर समजावे.

२. तोंडी आश्वासन कागदावर उतरवून घ्यावे. करारात बहुधा असे कलम असते की विक्रेत्याच्या तोंडी बोलण्यास कंपनी बांधील नाही.

३. त्याच रिसॉर्टमध्ये आधी एकदा भाड्याने राहून यावे. दोन रात्रींचा खर्च म्हणजे २५ वर्षांच्या मालाचा नमुना समजावा.

४. गेल्या दहा वर्षांत आपण किती वेळा आठवडाभर बाहेर गेलो, ते घरात सर्वांनी बसून मोजावे. उत्तर दोन-तीन वेळा असेल तर पुढील दहा वर्षांत दहा वेळा जाऊ असे मानण्यास आधार नाही.

५. निमंत्रणपत्र, पावत्या, संदेश जपून ठेवावेत. फसवणूक झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये तक्रार करता येते आणि ती कंपनीच्या शहरात नव्हे, तर आपण राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडे. मुदत दोन वर्षांची आहे. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे.

ज्या घराची सुट्टी दरवर्षी ठरलेली आहे, माणसे जास्त आहेत, नोंदणी सहा-आठ महिने आधी करण्याची शिस्त आहे व गुंतविलेली रक्कम धंद्यातून काढली तरी धंदा अडत नाही, त्या घराने वार्का, बाणावली, कांदोळी यांची तुलना खुशाल करावी व हिशेबात बसेल तो सौदा करावा. इतरांनी ज्या वर्षी हात मोकळा असेल त्या वर्षी रोखीने खोली घ्यावी, मुलांना समुद्र दाखवावा व परत येऊन दुकान उघडावे. समुद्र दोघांनाही सारखाच दिसतो. फरक एवढाच की एकाने त्याचे पैसे पाहून झाल्यावर मोजले आणि दुसऱ्याने २५ वर्षे आधी.